पूर डिक्रीज होत नाही

भाचीच्या वहीत डाव्या पानावर एकाखाली एक चौदा इंग्रजी शब्द होते आणि उजव्या पानावर चौदा वेळा एकच अर्थ. डिक्रीज, कमी होणे. डिक्लाइन, कमी होणे. रिड्यूस, डिमिनिश, ड्विंडल, सबसाइड, अबेट, वेन, प्लमेट... पाचव्या शब्दानंतर तिला अर्थ लिहायचाही कंटाळा आला होता. खाली नुसती "वरीलप्रमाणे"ची टिंबं.

ती आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. त्या परीक्षेत लेखनाच्या पहिल्या प्रश्नाला बहुधा एखादा आलेख किंवा तक्ता देतात आणि त्यात काय दिसतंय ते किमान दीडशे शब्दांत लिहायला सांगतात. वेळ साधारण वीस मिनिटं. आलेखातली रेघ एकतर वर जाणार नाहीतर खाली येणार, म्हणून क्लासमध्ये वर जायचे चौदा आणि खाली यायचे चौदा शब्द पाठ करून घेतले आहेत. एकच शब्द परत परत वापरला की मार्क जातात, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे तिने चौदाही शब्द पत्ते पिसल्यासारखे पिसून निबंधात वाटले होते. दुधाचा खप शंभरावरून सत्त्याण्णववर "प्लमेट" झाला. तापमान "ड्विंडल" झालं. शाळांची संख्या "अबेट" झाली.

"मावशी, यात चुकलं काय? सगळ्यांचा अर्थ एकच तर आहे."

मी गेली बावीस वर्षं भाषांतरं करून पोट भरते. औषधांसोबतची माहितीपत्रकं, विम्याचे कागद, बँकांची पत्रकं, कधी कोर्टातले दावे. ही वही माझ्यापुढे यायला नको होती, कारण आता माझी दुपार गेली. आम्ही माहेरी, म्हणजे सांगलीत गावभागात, माजघरात बसलो होतो. आजोबा झोपाळ्यावर पेपर वाचत होते, आजी स्वयंपाकघरात. मी वही मिटली आणि विचारलं, "पूर काय होतो?"

"येतो."

"आणि जाताना?"

"ओसरतो."

"ताप?"

"उतरतो."

"विहीर?"

"आटते."

"वारा? तब्येत? कांद्याचा भाव?"

"पडतो, खालावते, गडगडतो," तिने एका दमात सांगून टाकलं. मग स्वतःच थबकली. वही नाही, क्लास नाही, पाठांतर नाही, आणि एकदाही "कमी होतो" म्हणाली नाही. मराठीत ताप आटत नाही आणि विहीर ओसरत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मग इंग्रजांनीच काय घोडं मारलंय? त्यांच्याकडेही काय कमी होतंय ते बघूनच शब्द निघतो. गंमत म्हणजे आपण शब्दकोशात ज्या "कमी"वर सगळं भागवतो, तो फारसीतून आलेला पाहुणा आहे. घरचे शब्द बाजूला ठेवून पाहुण्यालाच राबवतो आपण.

आजोबांनी पेपर खाली केला. पुराचं नाव निघालं की ते गप्प बसत नाहीत. आमच्या जिन्याच्या भिंतीवर त्यांनी २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये पेन्सिलीने मारलेल्या रेघा अजून आहेत. खालचा मजला पाण्यात, आम्ही सगळे वर, आणि हे दर दोन तासांनी बॅटरी घेऊन जिन्यात उतरायचे, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलंय ते बघून रेघ मारायचे, शेजारी वेळ लिहायचे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या भागात लोक फुटाइंचांतच बोलतात. सकाळी कुणी भेटलं तर नमस्काराच्या आधी "किती झालं?"

त्या आठवड्यात जे जे कमी झालं ते मी भाचीला क्रमाने मांडून दाखवलं. आधी घाटमाथ्यावरचा पाऊस कमी झाला. तो इंग्रजीत अबेट होतो किंवा ईज होतो. जोर होता, तो मोडला. मग कोयनेच्या दरवाजांतून सोडलेला विसर्ग कमी झाला. तो अबेट होत नाही, कारण तो आपोआप कमी झालेला नाही. कुणीतरी हुकूम दिला, दरवाजे खाली घेतले, इतके क्युसेकचे तितके क्युसेक केले. तो रिड्यूस केला. मग नदीची पातळी कमी झाली. ती आकड्यात मोजता येते, म्हणून ती फॉल होते, ड्रॉप होते, हवं तर डिक्रीज होते. आणि शेवटी आमच्या गल्लीतलं पाणी मागे सरकत सरकत घाटाकडे गेलं. ते रिसीड झालं. रिसीड म्हणजे मागे हटणं. पाणी तेवढंच असतं, ते तुमच्यापासून लांब जातं. भाचीच्या बाबांच्या कपाळावरचे केसही रिसीडच होत आहेत, पण ते जिजाजी असल्याने मी बोलले नाही, तीच बोलली.

"आणि सबसाइड?"

सबसाइड माझा आवडता आहे. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी खाली बसणं आहे. आपलं "बसणं" आठवून बघा: धुरळा बसतो, गाळ बसतो, दंगा शमल्यावर वातावरण खाली बसतं. उसळलेलं, फुगलेलं, वर आलेलं काहीतरी आपल्या जागी परत जातं. पूर, सूज, राग, हसू, टाळ्या हे सगळं सबसाइड होतं. पण जे मुळात वर आलेलंच नव्हतं ते खाली बसलं, तर? २०२३ च्या जानेवारीत उत्तराखंडात जोशीमठला घरांना तडे गेले, जमीन खचली. त्यालाही हाच शब्द, सबसिडन्स. पूर बसला तर देवापुढे साखर ठेवायची, जमीन बसली तर घर सोडायचं.

प्लमेटवर मात्र मी तिला सोडलं नाही. समोरच्या वाड्याचं काम चालू आहे. तिला गच्चीत नेऊन दाखवलं. गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघत होता. दोरीच्या टोकाला तो जड लंबक, सोडला की सरळ खाली. त्या ओळंब्याच्या वजनालाच इंग्रजीत प्लमेट म्हणतात. लॅटिनमध्ये शिशाला जो शब्द आहे त्यातून तो आला, आणि आपला प्लंबरही त्याच घरातला, कारण पूर्वी नळ शिशाचे असत. प्लंजसुद्धा तिकडूनच. तेव्हा शंभराचे सत्त्याण्णव झाले त्याला ओळंबा सोडायचा नसतो. २० एप्रिल २०२० ला टाळेबंदीत तेलाला गिऱ्हाईक उरलं नाही, साठवायला जागा उरली नाही, आणि अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या सौद्याचा भाव शून्याच्याही खाली, पिंपाला उणे ३७ डॉलरपर्यंत गेला, त्याला प्लमेट म्हण. दुधाच्या तीन टक्क्यांना एज्ड डाऊन म्हण, स्लाइट डिक्लाइन म्हण. मराठी पेपरवाल्यांनाही हे सांगायला हवं. सेन्सेक्स अर्धा टक्का खाली आला तरी त्यांचा "कोसळतो".

आता रिड्यूसची गोष्ट. इथे माझीच फजिती आहे.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. विम्याच्या दाव्यासाठी एका रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डाचं मराठी करून द्यायचं होतं. अंगणात पाय घसरून पडलेले गृहस्थ, मनगटाचं हाड मोडलेलं. कार्डावर लिहिलं होतं की भूल देऊन फ्रॅक्चर रिड्यूस केलं. मी बेधडक लिहिलं, "भूल देऊन अस्थिभंग कमी करण्यात आला." दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन. चिडलेले नव्हते, हसत होते, ते जास्त लागलं. "बाई, हाड मोडलं म्हणजे मोडलं. ते कमी-जास्त काय असतं? अडीचशे ग्रॅम मोडलंय का?"

तेव्हा शोधलं. रिड्यूस हा लॅटिनमधला "परत नेणे" आहे. सरकलेलं हाड परत आपल्या जागी नेणं म्हणजे रिडक्शन. त्याला आपल्याकडे सोपा शब्द आहे, हाड बसवणं. सांगली-कोल्हापूरकडे तालमीतल्या वस्तादाला विचारलं असतं तरी त्याने सांगितला असता. मी शब्दकोशाला विचारलं. (आणि बघा, इथेही बसणंच आलं.)

एकदा हे कळल्यावर रिड्यूसची सगळी घरं उघडली. पाचवीतल्या गणितात सहा अष्टमांश "रिड्यूस" करून तीन चतुर्थांश करतात. कमी काय झालं? काहीच नाही. आधीही पाऊण होतं, नंतरही पाऊणच. आकड्यांना त्यांच्या साध्या रूपाकडे परत नेलं, एवढंच. रसायनशास्त्रात भट्टीत लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेऊन लोखंड मिळवतात, ते रिडक्शन. पाठ्यपुस्तकात त्याला क्षपण म्हणतात. दगडाला परत धातूकडे नेलं. पुढे शास्त्रज्ञांनी व्याख्या बदलली आणि इलेक्ट्रॉन मिळवणं म्हणजे क्षपण झालं. मिळवणं म्हणजे रिडक्शन! दहावीत मला हे कधी पटलं नव्हतं. बाई म्हणायच्या, पाठ कर. मूळ अर्थ कुणी सांगितला असता तर पाठ करावं लागलं नसतं.

आणि स्वयंपाकघरात इंग्रज आचारी सॉस रिड्यूस करतो. आपण दूध आटवतो. दोन लिटरची बासुंदी पाऊण लिटर होते, पण कुणी म्हणतं का की बासुंदी कमी झाली? उलट घट्ट झाली, दाट झाली, गोडी वाढली. पाणी गेलं, सार उरलं.

हे सगळं ऐकून भाचीने वहीत समासात दोन प्रश्न लिहिले: "कोणी केलं?" आणि "मागे काय उरलं?" मी सांगितले नव्हते. तिला ते आपोआप सुचले याचा मला क्लासच्या फीइतका आनंद झाला.

पहिल्या प्रश्नाचं माझ्या कामातलं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे रुपया. ६ जून १९६६ ला सरकारने ठरवून रुपयाची किंमत उतरवली. आदल्या दिवसापर्यंत डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, तो साडेसात रुपयांना झाला. ते डीव्हॅल्युएशन, आपलं अवमूल्यन. त्याला कर्ता आहे, तारीख आहे, सही आहे. आज रोज सकाळी बाजारात रुपया दहा-वीस पैशांनी खाली जातो, ते डेप्रिसिएशन. तिथे सही कुणाचीच नाही, म्हणून मराठीत घसरण. घसरतो तो स्वतः, कुणी ढकलल्याचं सिद्ध करता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मजकुरांत या दोघांची गल्लत असते. त्यात डेप्रिसिएशनचा तिसरा अवतार म्हणजे हिशेबातला घसारा. मशीन वापरून झिजतं, त्याची किंमत दरवर्षी वहीत उतरवत न्यायची. एका पत्रकाच्या मसुद्यात "रुपयाचा घसारा" वाचल्यावर मी खुर्चीतून उठून चहा करून आले.

या १९६६ च्या आकड्यांत आणखी एक मेख आहे. डॉलर सुमारे साडेसत्तावन्न टक्क्यांनी महाग झाला आणि रुपया सुमारे साडेछत्तीस टक्क्यांनी स्वस्त झाला. दोन्ही खरं. पायरी एकच, वरून मोजली तर एक उंची, खालून मोजली तर दुसरी. आलेखावर लिहिताना कशाचे टक्के, हे आधी बोटाने धर, म्हटलं.

तसंच इंग्रजीतल्या बाय आणि टूचं. फी पाचशे रुपयांनी कमी झाली की पाचशे रुपयांवर आली? मराठीत "ने" आणि "वर" इतके ठळक आहेत की चूक कानाला टोचते. इंग्रजीत दोन अक्षरांचा शब्द असतो आणि घाईत डोळा त्याच्यावरून उडी मारतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्के केला, तेव्हा बाय पाव, टू सव्वासहा. त्यातही पाव टक्का म्हणजे पाव टक्केबिंदू. साडेसहाचा पाव टक्का काढत बसलात तर हाती कपाळ येईल.

चहा आला. आजोबांनी गोळ्यांची डबी उघडली आणि मला टेपर आठवला.

आजोबांना तीन वर्षांपूर्वी काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "बरं वाटलं म्हणून एकदम थांबवायच्या नाहीत, टेपर करायच्या." फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, या आठवड्यात इतक्या, पुढच्या आठवड्यात एक कमी, त्यापुढे आणखी एक कमी, मग अर्धी, मग एक दिवसाआड अर्धी. कारण असं की बाहेरून स्टेरॉइड मिळायला लागलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या त्या दोन छोट्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. त्यांना परत कामाला लागायला वेळ द्यावा लागतो. एकदम बंद केलं तर घरचंही नाही आणि बाहेरचंही नाही, माणूस आडवा होतो. आता डोस रिड्यूस केला म्हटलं तर एकदा उतरवला आणि तिथे थांबलो असंही असू शकतं. टेपरमध्ये उतरतच जायचंय, थोडं थोडं, टोकापर्यंत. टेपर म्हणजे जुन्या इंग्रजीत मेणबत्ती. चर्चमधली ती उंच सडपातळ मेणबत्ती, वर जाताना बारीक होत गेलेली. म्हणून पँटही टेपर असते आणि गोळीही. माहितीपत्रकात मी याला "डॉक्टरांनी सांगितलेल्या टप्प्यांनी कमी करत बंद करणे" असं लांबलचक लिहिते. एका शब्दात बसवायचा मोह पूर्वी व्हायचा. आता होत नाही. यात शब्द वाचवून कुणाचा जीव वाचत नाही.

या शब्दाने २०१३ मध्ये आपल्या रुपयालाही ताप आणला होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक तेव्हा दर महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. मे महिन्यात तिचे अध्यक्ष बेन बर्नान्की एवढंच म्हणाले की पुढेमागे ही खरेदी हळूहळू उतरवू. खरेदी बंद नाही, विक्री तर नाहीच. रोख्यांचा ढीग वाढतच राहणार होता, फक्त वाढीचा वेग कमी होणार होता. पण जगभरच्या बाजारांनी असा थयथयाट केला की ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला. प्रत्यक्ष पहिली कपात डिसेंबरात जाहीर झाली, ८५ चे ७५. रोगी चिठ्ठी बघूनच आडवा झाला म्हणायचा. त्या दिवसांत मी एका मासिकासाठी यावरचा लेख मराठीत करत होते आणि "कमी" हा शब्द मला अक्षरशः शत्रू वाटायला लागला होता. काय कमी? ढीग की वेग? महागाईचंही तेच. महागाईचा दर सहावरून चारवर आला, असं ऐकून आई बाजारात जाते आणि तूरडाळीचा भाव बघून येऊन मला जाब विचारते. दर उतरला म्हणजे भाव चढायचा वेग उतरला. भाव चढतोच आहे. त्याला डिसइन्फ्लेशन म्हणतात. भाव खरोखर खाली आले तर डिफ्लेशन. आईला दोन्ही सांगून बघितलं. ती म्हणाली, डाळ किती घालू ते सांग.

आता "मागे काय उरलं?"

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळं आलं, आणि लोकांची साधी कामंही अडायला लागली. मग ते क्षेत्र कापून सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. क्षेत्र रिड्यूस झालं, कर्त्यासकट, अधिसूचनेसकट. आणि माळढोक? ते ड्विंडल झाले. कॉलेजात असताना आम्ही तिथे गेलो होतो. दुर्बिणीतून लांबवर एक नर दिसला, मान ताठ, गवतातून चाललेला, आणि आमचे सर कुजबुजले की अजून आहेत. अजून आहेत, हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं तो सूर म्हणजे ड्विंडल. आज तिकडे जाणारे कित्येक जण तोही न दिसता परत येतात.

ड्विंडलच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं झुरणं, झिजून जाणं आहे. यात एकदम काही होत नाही. दरवेळी आधीपेक्षा थोडं कमी, आणि शेवटी मोजायला बोटं पुरतात. आपलं रोडावणं त्याच्या जवळ जातं. म्हणून तापमान ड्विंडल होत नाही, कारण तापमानाचे बारा अंश "उरत" नाहीत. आशा ड्विंडल होते, गंगाजळी होते, सभेची गर्दी होते. गिधाडांचं मात्र ड्विंडल झालं म्हणताना मला अडखळायला होतं. नव्वदीच्या सुरुवातीपासून पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त गेली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केलं. अहवालांत याला डिक्लाइन म्हणतात, कधी कॅटॅस्ट्रॉफिक डिक्लाइन. इंग्रजी इथे विशेषण जोडून वेळ मारून नेते.

डिक्लाइन तसा सभ्य शब्द आहे. कललं, झुकलं, उतरणीला लागलं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, पुढे संगीत नाटकाने दोन पिढ्या वेडावल्या, आणि बोलपट आल्यावर त्याला उतरती कळा लागली. ती उतरती कळा म्हणजे डिक्लाइन. त्यात दर्जा आला, दिवस आले, मान आला. त्याच वेळी थिएटरातले प्रेक्षक ड्विंडल झाले आणि नाटकमालकांची पुंजी डिप्लीट झाली, म्हणजे उपसून उपसून रिकामी झाली. डिप्लीटच्या मुळाशी रिकामं करणं आहे, ओतून टाकणं. बोअरवेलवाल्यांनी तासगाव-जतकडे जमिनीखालच्या पाण्याचं जे केलं ते डिप्लीट. अलीकडे कार्ड नाकारलं गेलं तरी डिक्लाइन म्हणतात, त्यातही तोच सभ्यपणा. मान वळवली, नाही म्हटलं नाही.

वेन आणि एब मी घाईतच उरकले, कारण ते दोघे परत येणारे आहेत. वेन म्हणजे कृष्णपक्षातला चंद्र, एब म्हणजे ओहोटी. उत्साह, लोकप्रियता, सत्ता वेन होते, कलेकलेने. सांगलीला समुद्र नाही, तरी ओहोटी कळायला अडचण पडत नाही.

अबेटचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या मुळाशी फ्रेंचमधलं हाणून पाडणं आहे, कत्तलखान्याचा ॲबाटॉर त्याचा चुलत भाऊ. दिवाणी कोर्टात दाव्यातला पक्षकार वारला आणि नव्वद दिवसांत त्याच्या वारसांना रेकॉर्डवर आणलं नाही, तर दावा अबेट होतो. वकील मंडळी मराठी बोलतानाही "केस अबेट झाली" असंच म्हणतात. आणि फौजदारी कोर्टात गुन्ह्याला चिथावणी देणं, साथ देणं, यालाही अबेटच. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आणि उच्चारही, पण देवनागरीत बरेच जण दोन्ही "अबेट"च लिहितात. एका मसुद्यात माझ्या हाताखालच्या मुलीने "वादीच्या मृत्यूमुळे दाव्यास चिथावणी मिळाली" असं लिहून ठेवलं होतं. तिला मी रागावले नाही. मला अस्थिभंग आठवला.

पाच वाजत आले होते. भाचीने निबंध पुन्हा लिहायला घेतला. दुधाचा खप "स्लाइटली डिक्लाइन" झाला. तापमान "फॉल" झालं. शाळांच्या संख्येपाशी पेन थांबलं.

"मावशी, शाळा बंद पडत गेल्या की कुणी बंद केल्या?"

"तक्त्यात दिलंय का?"

"नाही. नुसते आकडे आहेत."

"मग डिक्रीज लिही. तेवढ्यासाठीच आहे तो. ज्याला काहीच माहीत नाही, त्याने वापरायचा शब्द."

तेवढ्यात आतून आजीची हाक आली. "अगं, बाहेर जाशील तेव्हा दुकानातून येताना लक्षात ठेव, साखर वाढलीय."

भाचीचं पेन हवेतच राहिलं. तिने आधी आत बघितलं, मग झोपाळ्यावर आजोबांकडे बघितलं, आणि जरा घाबरूनच विचारलं, "आजोबांची?"

"डब्यातली गं," आजी म्हणाली. तिन्हीसांजेला संपली म्हणत नाहीत आमच्याकडे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाही, वाढवतो. साखरही वाढते, मग कुणीतरी पिशवी घेऊन जातं.

"मावशी," वही पुन्हा उघडत भाची म्हणाली, "हे आलेखात कुठल्या बाजूला काढायचं?"